‘सर, या ज्वालामुखीचं तोंड कुठंय?’ : पर्वत आणि ज्वालामुखी शिकवताना

काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन माळशेज घाटात गेलो होतो. पाऊस नुकताच सरला होता आणि कड्यांवरचे थर धुऊन लख्ख दिसत होते. मी नेहमीसारखं सांगितलं, की हा सगळा दगड ज्वालामुखीतून आलेला आहे. एका मुलीनं समोरचा कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि विचारलं, “सर, मग या ज्वालामुखीचं तोंड कुठंय?”

“भेगांतून लाव्हा आला,” असं उत्तर मी दिलं. उत्तर बरोबर होतं, पण तिच्यापर्यंत पोचलं नाही. कारण वर्गात मी फळ्यावर शंकू काढला होता, त्याला तोंड काढलं होतं, त्यातून लाल खडूनं लाव्हा वाहवला होता. समोरचा डोंगर त्या चित्रात बसत नव्हता. जो दगड ती रोज पायाखाली तुडवत होती, तोच माझ्या शिकवण्यातून सुटला होता.

त्यानंतर मी हा घटक उलट्या बाजूनं शिकवायला लागलो. आधी दगड, मग काळ, मग पृथ्वीचं पोट आणि सगळ्यात शेवटी व्याख्या. सातवी ते नववीसाठी 35 मिनिटांच्या सात-आठ तासिका आणि एक अर्धा दिवस बाहेर, एवढा वेळ लागतो. सामान घरातलं आणि प्रयोगशाळेतलंच आहे.

सुरुवात : काहीही न शिकवता चित्र काढून घ्या

पहिली दहा मिनिटं प्रत्येकाला कोरा कागद द्या. दोन चित्रं काढायला सांगा : ज्वालामुखी आतून कसा दिसतो आणि आपल्या गावाजवळचा डोंगर कसा तयार झाला असेल. नाव आणि तारीख घालून कागद जमा करा. चुका दाखवू नका, गुणही देऊ नका.

या कागदांत तीन गोष्टी हमखास सापडतात. जमिनीखाली लाव्ह्याचा समुद्र काढलेला असतो. प्रत्येक ज्वालामुखी शंकूसारखा असतो. आणि डोंगर एकतर ‘पहिल्यापासूनच’ तिथं असतो, नाहीतर भूकंपात एका रात्रीत वर आलेला असतो. पुढच्या सगळ्या तासिका या तीन समजुतींसाठी आहेत. कागद जपून ठेवा, शेवटी लागतील.

दगड वर्गात आणा

मुलांना दुसऱ्या दिवशी प्रत्येकी एक काळा दगड आणायला सांगा. रस्त्याच्या कामाची खडी चालेल, विहिरीच्या काढणीतला दगड तर उत्तमच. कुणाच्या घरी जुना पाटा किंवा जात्याची फुटकी तळी असेल तर ती जरूर मागवा. माझ्या एका विद्यार्थ्यानं आजीचा पाटा पिशवीतून आणला होता. टाकी लावल्याच्या खुणा त्यावर होत्या, आणि एका कडेला वाटाण्याएवढी पांढरी टिकली होती. भिंगाखाली ती चमकायला लागली तेव्हा अख्खा वर्ग बाकावर चढला.

दगड हातात देऊन चार गोष्टी करायला लावा. पहिली, वजनाचा अंदाज : तेवढ्याच आकाराच्या विटेपेक्षा तो जड का लागतो? दुसरी, भिंगातून दाणे दिसतात का पाहणं. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या या काळ्या दगडात, ते बहुधा इतके बारीक असतात, की सुटे दिसत नाहीत. लाव्हा जमिनीवर येऊन लवकर थंड झाला, स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही, हा त्याचा अर्थ. शेजारी स्वयंपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा. त्यातले टपोरे दाणे जमिनीखाली सावकाश थंड होण्याची साक्ष देतात. तिसरी गोष्ट, दगडाचा थोडा चुरा कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवणं. काही काळे कण चुंबकाबरोबर सरकतात, ते मॅग्नेटाइट, लोखंडाचं एक खनिज. चुरा वर्गात करू नका. आदल्या दिवशी गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून स्वतः करून आणा.

चौथी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची, दगडातली भोकं. बऱ्याच दगडांना जाळी पडलेली असते. विहीर खोदणारी माणसं अशा खडकाला ‘मांजऱ्या’ म्हणतात आणि तो काळ्या पाषाणापासून बरोबर वेगळा ओळखतात. वर्गात कुणाच्या घरी हे काम असेल तर त्या मुलाला बोलू द्या. ही भोकं म्हणजे लाव्हारसातल्या वायूचे अडकलेले बुडबुडे. पुढे त्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि पोकळीत पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक वाढले. आजीच्या पाट्यावरची टिकली तीच. स्टिलबाइट, ह्यूलंडाइट ही नावं लिहून द्या, पण पाठ करायला लावू नका. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे स्फटिक हातभर आकाराचेही पाहायला मिळतात.

66 मीटरची दोरी

दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. हा आकडा फळ्यावर लिहून काही होत नाही, मुलांसाठी 6.6 कोटी आणि 6.6 लाख सारखेच. मैदानावर चला.

1 मिलिमीटर म्हणजे 1000 वर्षं धरा. 6.6 कोटी वर्षांसाठी 66 मीटर दोरी लागते. एका टोकाला ‘आज’ अशी पाटी धरून एक मूल उभं करा, दुसऱ्या टोकाला ‘दख्खनचा लाव्हा’. भारत आणि आशिया यांची टक्कर सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, म्हणजे ‘आज’पासून 50 मीटरवर एक मूल. मग विचारा, शिवराज्याभिषेक कुठे येईल? 1674 साल, म्हणजे साधारण 350 वर्षं, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. वहीचे तीन-चार कागद एकत्र दाबून ‘आज’च्या टोकाला लावा, एवढी जाडी. माणसाची शेती जेमतेम 1 सेंटिमीटरवर सुरू होते. आणि दख्खनचा बहुतेक लाव्हा ज्या दहा लाख वर्षांच्या आसपास बाहेर पडला, तो काळ त्या दूरच्या टोकाचा फक्त 1 मीटर.

इथं डायनोसॉरचा प्रश्न येणारच. सरळ सांगा : ते याच सुमारास संपले. मेक्सिकोत चिक्शुलुब इथं आदळलेली प्रचंड उल्का हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं, आणि दख्खनच्या उद्रेकांचा त्यात वाटा किती यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. वाद चालू आहे हे मुलांना सांगायला कचरू नका. त्यांना ते आवडतं.

पृथ्वीच्या पोटात लाव्ह्याचा समुद्र नाही

ही तासिका घाईनं उरकू नका, सगळ्यात घट्ट गैरसमज इथंच आहे. भूकवचाखालचं प्रावरण हे घन खडकाचं आहे. ते तापलेलं आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात संथ सरकतंही, पण ते द्रव नाही. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, काही ठिकाणीच तयार होतो. मग घन खडक वितळतो कशानं?

मुलांचं पहिलं उत्तर ‘उष्णता वाढली म्हणून’ हेच असतं. त्यांना कुकरची आठवण द्या. साध्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळतं. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे ते 120 अंशांच्या आसपास जाऊनही द्रव राहतं. शिटी उचलून दाब सोडला की तेच पाणी भसकन वाफ होतं, नवी आच लागत नाही. खोलवरच्या खडकाचं असंच आहे : वरच्या खडकाच्या दाबामुळे तो इतका तापूनही घन राहतो. तो हळूहळू वर सरकला की दाब कमी होतो आणि उष्णता न वाढताच त्याचा काही भाग वितळतो. कुकरचं फक्त सांगायचं, वर्गात करून दाखवायचं नाही.

दुसरं कारण पाणी. समुद्राचा तळ असलेलं भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतं तेव्हा ते आपल्याबरोबर पाणी खाली नेतं, आणि पाणी मिसळलं की गरम खडक कमी तापमानाला वितळतो. बर्फात मीठ घातलं की तो लवकर पाणी होतो, हे हातानं फिरवायचं आइस्क्रीमचं पातेलं पाहिलेल्या मुलांना लगेच कळतं. अंदमानातलं बॅरन बेट याच प्रकारचं. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी, दीर्घ विश्रांतीनंतर 1991 मध्ये पुन्हा जागा झाला.

आता खायचा सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीबद्दल. मी तो पाच-सहा वर्षं केला. मुलांना फेस आठवला आणि लाल रंग आठवला, कारण आठवलं नाही. तिथं रासायनिक क्रियेनं वायू तयार होतो. खऱ्या उद्रेकाशी तिचा संबंध नाही. त्याऐवजी प्यायच्या सोड्याची बंद बाटली आणा. झाकण बंद असताना आत बुडबुडा दिसत नाही. झाकण सैल केलं की सगळ्या बाटलीभर बुडबुडे. वायू आधीपासून द्रवात विरघळलेला होता, दाब कमी झाल्यावर सुटा झाला. शिलारस वर येताना त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अशीच सुटतात आणि त्याला वर ढकलतात. आधी पाहिलेले भोकांचे दगड पुन्हा हातात द्या, आता ती भोकं वेगळी दिसतील.

मेणाचा प्रयोग

हा प्रयोग आधी एकट्यानं दोनदा करून पाहा. 500 मिलिलिटरचं उष्णतारोधक काचेचं बीकर घ्या, साधा ग्लास तडकतो. तळाशी लाल मेणबत्तीचं मेण वितळवून 1 सेंटिमीटर जाडीचा थर द्या, पूर्ण थिजू द्या. त्यावर धुतलेल्या वाळूचा दीड-दोन सेंटिमीटर थर. मग वाळू न उसवता, चमच्यावरून हळूहळू थंडगार पाणी ओता, बीकरचा पाऊण भाग भरेपर्यंत. जाळीवर ठेवून तळाच्या एका बाजूला स्पिरिटचा दिवा लावा.

मुलं दोन मीटर लांब, शिक्षकांच्या डोळ्यांवर चष्मा. मेण पेट घेऊ शकतं, म्हणून शेजारी वाळूची बादली हवीच.

काही मिनिटं काहीच घडत नाही. चुळबुळ सुरू झाली तरी मुलांना बीकरवर नजर ठेवायला सांगा. मग वाळू एका जागी किंचित फुगते आणि लाल मेणाची धार तिला फोडून वर झेपावते. पाण्यात ती थिजते, तिचे वाकडेतिकडे लाल खांब उभे राहतात, काही मेण पृष्ठभागावर पसरतं. दिवा लगेच काढा. सगळं थंड झाल्यावर पाणी ओतून वाळू बाजूला करा. वाळूच्या आतही मेणाचे पडदे आणि गोळे अडकलेले सापडतील. जमिनीखालीच थिजलेला शिलारस तो हाच. धुळे-नंदुरबारच्या माळांवर काळ्या दगडी भिंतींसारख्या लांबच लांब रांगा दिसतात, त्या अशाच भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या.

पिठलं आणि पाणी : आकार का बदलतो

पाणी उकळतं तेव्हा बुडबुडे शांतपणे फुटतात. पिठलं रटरटतं तेव्हा अंगावर उडतं. असं का, हा प्रश्न गृहपाठ म्हणून द्या आणि उत्तर स्वयंपाकघरातूनच आणायला सांगा. घट्ट द्रवातून वायू सहज सुटत नाही, कोंडतो आणि मग फट्‌कन फुटतो. घट्ट लाव्हा स्फोट करतो आणि तोंडाजवळच साचून उंच शंकू बांधतो. पातळ लाव्हा दूरवर पसरतो. तिरप्या ताटावर एकीकडे पाणी, मध्ये काकवी, तिसरीकडे पिठाचा घट्ट गोळा सोडून घड्याळ लावा, तक्ता मुलांनाच करू द्या.

शंकूचं उदाहरण म्हणून मी पारिकुतिनची गोष्ट सांगतो. मेक्सिकोत 20 फेब्रुवारी 1943 रोजी दिओनिसिओ पुलिदो नावाच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन चिरली, धूर आणि राख यायला लागली. वर्षभरात तिथं 336 मीटरचा डोंगर उभा होता. नऊ वर्षं उद्रेक चालला, 1952 मध्ये थांबला तेव्हा उंची 424 मीटर. शेजारच्या गावाच्या चर्चचा मनोरा आजही थिजलेल्या लाव्ह्यातून वर आलेला आहे. डोंगराचा जन्म माणसांनी पहिल्या दिवसापासून पाहिला, अशी उदाहरणं फार थोडी.

आणि मग त्या मुलीचा प्रश्न. आपल्याकडचा लाव्हा पातळ, बेसॉल्टचा, 1100-1200 अंशांचा. तो लांबच लांब भेगांतून आला आणि आधीच्या थरावर नवा थर असा पसरत गेला. आज उरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीकडे जाडी 2 किलोमीटरपेक्षा जास्त, पूर्वेकडे पातळ होत जाते. तोंड एक नव्हतं, भेगा अनेक होत्या आणि त्या पुढच्या थरांखाली गाडल्या गेल्या किंवा दगडी भिंती होऊन उरल्या. तोंड शोधत आपण ज्या पठारावर उभे असतो, ते पठारच तो ज्वालामुखी.

मॉरिशसमध्ये मराठी घरं आहेत हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं. नकाशावर ते दाखवा आणि शेजारचं रियुनियन बेटही. खोलवरच्या ज्या उष्ण झोतानं दख्खनचा लाव्हा आणला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, तो आज रियुनियनखाली आहे. भारताचं भूपट्ट त्यावरून उत्तरेकडे सरकत गेलं. मॉरिशसही त्याच झोतानं घडवलं. म्हणजे तिथल्या मराठी माणसाच्या अंगणातला दगड आणि आपला दगड यांचा उगम एकच.

दुसरा पर्वत : डब्यातला हिमालय

मिठाईचा पारदर्शक लांबट डबा, कोरडी बारीक वाळू, रंगीत रांगोळी आणि डब्याच्या रुंदीची लाकडी फळी. फळी एका टोकाला उभी ठेवा. वाळूचा एक थर, रांगोळीची पातळ रेघ, पुन्हा वाळू, दुसरा रंग, असे पाच-सहा थर भरा. फळी अगदी सावकाश पुढे सरकवा आणि डब्याच्या बाजूनं पाहा. थर वर उचलले जातात, वाकतात आणि मग एकावर एक चढतात. वर डोंगराची रांग तयार होते. वली (थरांच्या घड्या) आणि प्रस्तरभंग (थर तुटून सरकणं) एकत्र दिसतात, पुस्तकात मात्र ते वेगवेगळ्या पानांवर असतात. ओल्या चादरीच्या घड्यांनी फक्त वली दिसतात, म्हणून मला डबा जास्त पटतो. एका मुलाला फोनवर हे चित्रित करायला सांगा, उलटं चालवून पाहण्यात खूप मजा आहे.

मग शाळिग्राम. कुणाच्या देवघरात असेल तर घरी विचारून त्याचा फोटो आणायला सांगा, देव शाळेत आणायला लावू नका. नेपाळमध्ये काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या शाळिग्रामात जी चक्राकार खूण दिसते, ती अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाची. समुद्रातला प्राणी हिमालयात कसा? मुलांनाच उत्तर शोधू द्या : भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ टकरीत उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रातच तयार झालेला आहे. श्रद्धेची वस्तू आणि जीवाश्म, दोन्ही गोष्टी मुलं सहज जवळ करतात. आपण अवघडू नये.

गणिताच्या शिक्षकांना बरोबर घेऊन दोन उदाहरणं करा. भारत वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर सरकतो असं धरलं तर 5 कोटी वर्षांत किती? 2500 किलोमीटर. हिमालय वर्षाला 5 मिलिमीटर उचलला गेला असं धरलं तर एका कोटी वर्षांत किती? 50 किलोमीटर. पण एव्हरेस्टची उंची 8848.86 मीटर. उरलेलं गेलं कुठे? इथं वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, “नद्यांनी नेलं.” गंगेच्या मैदानाचा गाळ तोच.

हिमालयात ज्वालामुखी का नाहीत, हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. दोन्हीकडे जाड, हलके भूखंड आहेत; पाणी घेऊन खाली जाणारा समुद्रतळ आता तिथं उरलेला नाही.

सह्याद्री : उचललेला कमी, कोरलेला जास्त

सह्याद्री ना शंकू, ना वली. ट्रेमध्ये शाडूचा थर आणि वाळूचा थर आलटून-पालटून द्या, दोन दिवस सुकू द्या, एक बाजू सुरीनं उभी कापा आणि त्या बाजूवर झारीनं पाणी धरा. वाळू भराभर वाहते, शाडूच्या कडा पुढे राहतात. शाडू विरघळायच्या आत थांबा. समोर पायऱ्या दिसतील. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आला. टणक थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार होतो. किल्ल्यांचे ताशीव कडे आणि त्यांच्या पायथ्याची माची याच पायऱ्यांवर आहेत.

पश्चिमेकडचा भाग खचला, पठाराची कडा उचलली गेली आणि पावसानं ती झिजवत पूर्वेकडे मागे ढकलली, असं मानलं जातं. पुरावा म्हणून नकाशा उघडा : गोदावरी आणि कृष्णा अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगवून बंगालच्या उपसागराकडे का जातात?

बाहेर पडा

घाट जवळ नसेल तर रस्त्यासाठी कापलेली टेकडी किंवा कठड्याची विहीर पुरते. वाहत्या रस्त्याच्या कडेला आणि सुट्या दरडीखाली मुलं उभी करू नका. तीन गोष्टी शोधायच्या : एका लाव्ह्याच्या थराचा जाळीदार माथा, त्याखालचा भरीव भाग, आणि दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा. हा पट्टा दिसला तर तिथंच थांबा. एक लाव्हा थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडून माती तयार झाली, आणि मग दुसऱ्या लाव्ह्यानं ती झाकली. दोन उद्रेकांमधली विश्रांती तिथं बोटानं दाखवता येते. मुंबईच्या शाळांना अंधेरीची गिल्बर्ट हिल आहे, थंड होताना आकसून तडकलेल्या लाव्ह्याचे उभे खांब. दक्षिण कोकण, गोवा, चंद्रपूर, गडचिरोली इथल्या बऱ्याच भागात दगड वेगळा आणि जुना आहे. तिथं ‘आपला दगड दख्खनचा का नाही?’ इथूनच सुरुवात करा.

हमखास येणारे तीन प्रश्न

लोणार ज्वालामुखीचं तोंड आहे का? नाही. ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं उल्काविवर आहे, बेसॉल्टमध्ये झालेलं. आधी शंकू शिकवला की मुलं लोणारला ज्वालामुखी ठरवतात, म्हणून हे मुद्दाम सांगा.

वज्रेश्वरी, उन्हवरे, उनपदेव इथलं गरम पाणी? पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथं तापतं आणि वर येतं. खाली लाव्हा असण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात पुन्हा उद्रेक होईल का? आपल्याखाली आता ना भूपट्टाची कड आहे, ना उष्ण झोत. घाबरण्याचं कारण नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा; लहान मुलं हा प्रश्न भीतीनं विचारत असतात.

तपासणी

व्याख्या विचारू नका. पहिल्या दिवशीचे कागद परत द्या आणि त्यावरच वेगळ्या रंगाच्या पेननं दुरुस्त्या करायला सांगा. प्रत्येक दुरुस्तीपुढे ‘हे मला कशावरून कळलं’ हे एका ओळीत लिहायचं : दगडावरून, मेणावरून, डब्यावरून की विहिरीवरून. गुण त्या ओळीला द्या, चित्राला नको. मग प्रत्येकाच्या दगडावर तो कुठे मिळाला त्या जागेचं नाव रंगानं लिहून घ्या आणि खोक्यात भरून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यांच्या गावचा दगड त्यात सापडतो. आजीचा पाटा मात्र त्याच दिवशी घरी परत पाठवायचा.